एका सायकलला किती?

९ जानेवारी

कोणाला काही बोलायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. न बोलता राहणं हा माझा स्वभाव नाही, म्हणून लिहायला घेतलं. वही दुकानातली आहे, मागच्या पानांवर फ्रेमांची मापं खरडलेली आहेत. कोणी उघडलीच तर मापं पुढे करता येतील.

आज पहिल्यांदा त्या दवाखान्यात गेलो. मला वाटलं होतं, भिंतीभर गुटगुटीत बाळांचे फोटो असतील. होतेच. फ्रेमा मात्र अगदी सुमार. कोपरे जुळलेले नाहीत, एकाला तर माउंटचा पुठ्ठासुद्धा नाही, काच थेट फोटोवर टेकवलेली. चार दिवस दमट हवा आली की चिकटून बसेल. इतकी वर्षं फोटो मढवण्याच्या दुकानात काढली की भिंतीवर आधी फ्रेम दिसते, मग चेहरा. हा म्हणाला, "अगं, बाळं बघ, कोपरे काय बघतेस?" मला कोपरेच बघायचे होते.

हा म्हणजे नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. कुठेही गेला तरी आधी लिफ्टचा आवाज ऐकतो आणि मग मला नावं ठेवतो.

डॉक्टरीणबाई शांत आहेत. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातली चार वाट बघण्यात गेली, हे सगळं त्यांनी न टोकता ऐकलं आणि दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. "दोघांच्या?" ह्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "लिफ्ट बंद पडली तर तुम्ही फक्त दार बघून परत येता का?" हा गप्प बसला. ह्याला इतक्या कमी शब्दांत गप्प करणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

बाहेर टेबलाशी एक बाई पैशांचं समजावून सांगायला बसतात. त्यांनी आधीच बजावलं, "ताकाला येऊन भांडं लपवू नका. काय विचारायचं ते आत्ता विचारा, नंतर मनात अढी नको." म्हणून मी सरळ विचारलं, एकूण किती? त्या म्हणाल्या, एका सायकलला एवढे. आधी इंजेक्शनं, मग बीजं काढायची, प्रयोगशाळेत फळवायची, पोटात परत ठेवायची आणि वाट बघायची, ह्या सगळ्या फेरीला दवाखान्यात सायकल म्हणतात. एका सायकलला आमच्या दोघांचे मिळून पाच पगार. औषधं वेगळी. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे वेगळे. उरलेले गर्भ गोठवून ठेवले तर त्याचं वर्षाचं भाडं वेगळं.

"मग पॅकेजमध्ये काय आहे?" ह्याने विचारलं. "चहा?"

बाई हसल्या, पण चहा काही मागवला नाही. पहिल्या सायकलमध्ये होतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, तुमच्या वयाच्या तिघींत साधारण एकीचं होतं. आमची शिल्लक एका सायकलपुरती आहे, वर थोडी चिल्लर. आणि माझं वय सदतीस. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्या एकात व्हायला हवं, असं मी मनाशी धरलं आहे. बरोबर आहे की नाही ते माहीत नाही.

घरी सांगायचं नाही. घरी म्हणजे बाबांना, माझ्या सासऱ्यांना. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. ह्याच्या वाढदिवसाला मी घड्याळ आणलं होतं, ते खोक्यातून निघायच्या आधी ह्याला त्याचा रंग माहीत होता. बाबांना कळलं की नणंदेला कळलं, आणि ताईंना कळलं की मग दवंडी पिटायची गरज नाही. त्या दर रविवारी फोन करतात. बाबांशी बोलून झालं की मला मागून घेतात आणि विचारतात, "काय मग वहिनी, काही विशेष?" वाईट हेतू नसतो. मला मात्र शनिवारपासूनच धडकी भरते.

१६ जानेवारी

रिपोर्ट आले. दोघांचेही चांगले. कारण सापडत नाही, असं लिहून दिलं आहे. मला वाटलं होतं ह्याला हायसं वाटेल. घरी येताना म्हणाला, "फॉल्ट दाखवत नाही आणि लिफ्ट वर जात नाही. असली केस मी नेहमी दुसऱ्याच्या गळ्यात मारतो."

१७ जानेवारी

आज घोटाळा होता होता वाचला. मी स्वयंपाकघरातून त्या टेबलवाल्या बाईंना फोन लावला होता. बाबा फिरायला गेलेत असं समजून मी मोठ्याने बोलत होते. "म्हणजे एका सायकलला एवढे, आणि ती फुकट गेली तर दुसऱ्या सायकलला पुन्हा तेवढेच?" मागे वळते तो दारात बाबा. कानटोपी अजून डोक्यावर.

"अगं, कसली सायकल घेताय? सोन्याची?"

तोंडातून निघून गेलं, "ह्याला हवीय बाबा. गिअरवाली."

"त्याला? दोन जिने चढून धापा टाकतो तो."

"म्हणून तर. व्यायामाला."

बाबांनी कानटोपी काढली, घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाले, "एवढ्या पैशांत मी घर थाटलं होतं. घ्या, तुमची कमाई आहे. पण टायर नीट बघून घ्या." आणि गेले. हा आल्यावर सांगितलं तर इतका हसला की पाणी प्यायला द्यावं लागलं. आता निदान फोनवर सायकल म्हणायला मोकळीक झाली.

३ फेब्रुवारी

इंजेक्शनं सुरू. रोज संध्याकाळी एक, बेंबीच्या जरा खाली, आपलं आपण टोचायचं. मला वाटलं होतं हा टोचेल. ह्याने सुई बघितली आणि पांढराफटक पडला. विसाव्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस! शेवटी मीच टोचलं. काच कापताना जसं एकदा ठरवलं की हात थांबवायचा नाही, तसंच केलं. फार नाही दुखलं.

औषध थंड ठेवायचं असतं. खोकं दुकानाच्या पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवलं. बाबांनी लगेच विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "दुकानातला गोंद आहे. महागातला. उष्णतेने खराब होतो, आणि दुकानातला फ्रिज बिघडलाय." बाबा बरं म्हणाले. खोटं बोलायला मी इतकी सराईत कधी झाले कोण जाणे.

५ फेब्रुवारी

बाबा सकाळी म्हणाले, "तुझा गोंद मी दारातून काढून आतल्या कप्प्यात ठेवलाय. दार सारखं उघडतं, गार राहत नाही. मात्र अगदी मागे नाही ठेवला, तिथे गोठेल."

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत असा काटेकोरपणा. दंतमंजनाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा वाचून काढतात. गोंदाचं एवढं कौतुक करणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारभर वीज नव्हती. मी दुकानातून धावतपळत आले. एक बाई जुळ्यांचा फोटो घेऊन आल्या होत्या, त्यांना रंगसुद्धा न दाखवता परवा या म्हटलं. येऊन बघते तर बाबांनी कोपऱ्यावरून बर्फ आणून पातेल्यात ठेवला होता, त्यावर ताट, ताटात गोंद, वरून जाड टॉवेल. स्वतः शेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसले होते. "म्हटलं तुझ्या मालकिणीचं नुकसान नको."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. इतक्या साध्या माणसाला फसवते आहे.

ताईंचा फोन आला तेव्हा बाबा तो घेऊन गॅलरीत गेले आणि बोलून ठेवून दिला. मला दिलाच नाही. विसरले असतील. माझा एक रविवार सुटला.

११ फेब्रुवारी

पोट टम्म झालं आहे, पँटचं बटण लागत नाही. सोनोग्राफीवाल्या म्हणाल्या, छान चाललंय. दुकानात स्टुलावर चढू नका, वजन उचलू नका. घरी पाण्याच्या बादल्या हल्ली बाबाच उचलतात. त्यांना संशय येऊ नये म्हणून म्हटलं, "बाबा, मी उचलते की." तर म्हणाले, "डॉक्टरांनी मला दंडाचा व्यायाम सांगितलाय." कुठल्या डॉक्टरांनी? ते तर दोन वर्षांत डॉक्टरकडे गेलेले नाहीत.

संध्याकाळी मला विचारत होते, "सायकल पसंत नाही पडली तर दुसरी बघणार ना? माझी एक मुदतठेव आहे. नुसती पडून आहे." सायकलसाठी मुदतठेव मोडायला निघालेत! ह्याला सांगितलं. हा म्हणाला, "म्हातारपणी माणूस लहान होतो." आम्ही नको म्हणून सांगितलं.

१४ फेब्रुवारी

बीजं काढली. नऊ मिळाली. भूल उतरताना मी म्हणे डॉक्टरीणबाईंना सांगत होते की तुमच्या भिंतीवरच्या फ्रेमा मी फुकट बदलून देईन. ह्याने साक्षीदार म्हणून सही करायची तयारी दाखवली.

घरी बाबांना सांगितलं, दुकानात वाकताना पाठीत उसण भरली. त्यांनी मऊ भात केला, रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणलं आणि म्हणाले, "पोटाला धर." पाठ म्हटलं होतं मी, पण वाद घालायचं त्राण नव्हतं. पोटाला धरली. फार बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

नवातले पाच फळले, त्यातले दोन तग धरून राहिले. एक आज ठेवला, एक गोठवला. भूल लागली नाही. पडद्यावर एक पांढरा ठिपका दिसला. हा म्हणाला, "हा आपला?" नर्स म्हणाली, तो हवेचा बुडबुडा, तुमचा त्याच्या शेजारी, दिसत नाही. आम्ही दोघं बुडबुड्याकडेच बघत राहिलो.

आता पाच मार्चला रक्त द्यायचं. तोवर काही करायचं नाही, म्हणजे सगळ्यात अवघड काम. बाबांनी जेवताना विचारलं, "सायकलचं कधी कळणार म्हणाले?" हा म्हणाला, "पाच तारखेला." बाबा म्हणाले, "बरं. तोवर दोघांनी डोक्याला ताप करून घेऊ नका."

२२ फेब्रुवारी, रविवार

आज लगेच लिहून काढते.

मी आत पडले होते. बाबा गॅलरीत ताईंशी बोलत होते. खिडकी उघडी होती. आधी काही कळलं नाही, मग बाबांचा आवाज चढला. "मीच सांगितलंय त्यांना. मला ह्या वयात घरात रडारड नको, लहान मुलांचा गोंगाट नको. माझ्या हयातीत तरी नको. तू पुन्हा तिला विचारायचं नाहीस. विचारायचं तर मला विचार." मग बराच वेळ ताई बोलत असाव्यात. शेवटी बाबा म्हणाले, "असेन मी स्वार्थी. ठेव फोन."

त्यांना नको आहे. मी रोज पोटात सुया खुपसत होते, आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाला ते नकोच होतं. आणि असं कधी सांगितलं त्यांनी आम्हाला? सरळ खोटं. मनात एक, ओठांवर एक. त्या बर्फाच्या पातेल्याची आठवण येऊन इतका राग आला. गोंदाची काळजी आहे, नातवंडाची नाही.

ह्याला सांगितलं नाही. बापलेकात वितुष्ट नको. पण मी काही हे विसरणार नाही.

२७ फेब्रुवारी

बाबांशी कामापुरतं बोलते. त्यांच्या लक्षात आलं नसावं, उलट जास्तच सांभाळून वागतात. काल वाचायला पुस्तक आणून दिलं. मी बाजूला ठेवून दिलं.

१ मार्च, रविवार

ताईंचा फोन आला नाही. बाबा दिवसभर फोन जवळ घेऊन बसले होते. मला दया आली नाही, हे खरं तेच लिहायला हवं.

५ मार्च

नाही.

टेबलवाल्या बाईंनीच फोन केला. "ह्या वेळी नाही झालं," म्हणाल्या. मी दुकानात होते, हातात कापायला घेतलेली पट्टी होती. ती पूर्ण कापली, चारी कोपरे जुळवले, मग मालकिणीला सांगून निघाले. ह्याला फोन लागेना. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट मधेच अडकली होती, आत माणसं होती.

घरी बाबा टेबलाशी शेंगा निवडत बसले होते. मला बघून उठले. "आलीस? आज लवकर?"

आणि माझा बांध फुटला. म्हटलं, "तुम्हाला बरंच झालं, बाबा. घरात गोंगाट नको होता ना? नाही होणार."

बोलून गेल्यावर कळलं की मी सगळंच बोलून बसले. बाबांनी सुरी खाली ठेवली.

"नाही झालं?"

"काय नाही झालं?"

"अगं, सायकलचं."

ते पुन्हा खाली बसले, मलाही बसायला सांगितलं. मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"गोंदाच्या कागदावर 'ओटीपोटाच्या त्वचेखाली टोचावे' असं असतं का कुठे? आणि 'ओटीपोट' मधला टी ऱ्हस्व छापलाय. इतकं महाग औषध, एक मुद्रितशोधक ठेवायला काय होतं त्यांना?"

मला हसू की रडू कळेना. दोन्ही आलं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला सांगायचं असतं तर सांगितलं असतंत. तुम्ही सांगितलं नाहीत, मग मी कुठल्या तोंडाने विचारू?"

"आणि ताईंना ते तसं का म्हणालात?"

बाबांनी एक शेंग मोडली. म्हणाले, "ती दर रविवारी तुला विचारते आणि तू दिवसभर कोमेजून बसतेस. निदान ह्या महिन्यात तरी विचारू नये असं वाटलं. नुसतं विचारू नकोस म्हटलं असतं, तर का म्हणून खोदत बसली असती. तुला माहीत आहे ना ती. म्हटलं, आपल्या अंगावर घ्यावं. म्हातारा तिरसट झालाय म्हणेल, म्हणू दे."

"त्या बोलत नाहीत तुमच्याशी."

"हं," बाबा म्हणाले. "रागावलीय. तिच्या आईसारखीच आहे, राग धरून ठेवते." मग पुढची शेंग उचलून म्हणाले, "मला गोंगाट आवडतो गं."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही, काही समजावलं नाही. शेजारी बसून सगळ्या शेंगा निवडल्या. हा आला तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलो होतो. त्याला काही सांगावं लागलं नाही.

९ मार्च

दोन दिवस हा आणि मी फार बोललो नाही. आज दवाखान्यात जाऊन आलो. गोठवलेला एक आहे, तो ठेवायला पूर्ण सायकल लागत नाही. इंजेक्शनं फारशी नाहीत, बीजं काढायची नाहीत, खर्च साधारण पाव. दोन महिन्यांनी येऊ म्हणून सांगितलं. यशाचं काय, असं ह्या वेळी मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दमला असाल तर न येणं हेही चालतं." ते ऐकून उलट यावंसं वाटलं.

बाबांच्या मुदतठेवीतले अर्धे घेणार आहोत. उसने, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "उसने तर उसने, व्याज कोणाकडून घ्यायचं ते मी ठरवीन."

१५ मार्च, रविवार

आजही ताईंचा फोन नाही. सकाळपासून बाबा तीन वेळा म्हणाले की ते कोणाच्याही फोनची वाट बघत नाहीयेत. वर्तमानपत्राचं एकच पान तासभर उघडं होतं.

मी आत जाऊन दार लोटलं आणि ताईंना फोन लावला. ह्याला आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "तुझं आहे, तूच ठरव. पण गावभर होईल." मी म्हटलं, होऊ दे. माझं झाकायचं म्हणून त्यांनी स्वतःची मुलगी तोडून घ्यायची, हे मला नाही पटत.

ताईंना सगळं सांगितलं. इंजेक्शनं, नऊ बीजं, बुडबुडा, पाच तारीख. मधे एकदाही त्या बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पलीकडे नळ चालू होता, तो त्यांनी बंद केला तेवढं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "मी दर रविवारी विचारत होते गं तुला."

"हो."

"एकदा तरी झापायचंस मला."

त्या नाक पुसत म्हणाल्या, "आणि बाबा? ते मला जे म्हणाले ते? त्यांना माहीत होतं का हे?"

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं आणि फोन बाहेर नेऊन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड करून फोनवर म्हणाले, "कसलं माहीत? मला कोण काय सांगतं ह्या घरात? ... नाही गं, तू उगाच काहीतरी ... छे छे, ती दोघं मजेत आहेत. तू त्यांना काही विचारू नकोस."

मी म्हटलं, "बाबा, बोला मोकळेपणाने. मी ताईंना सगळं सांगितलंय."

बाबांनी फोनवर तळहात घट्ट दाबून धरला, माझ्याकडे वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "सगळं म्हणजे किती?"